वळवाआधीचा वारा आणि डोंगरावरचा वणवा : कोल्हापूर जिल्ह्यात धोक्याचा अंदाज कसा बांधावा

पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, भुदरगड, आजरा आणि राधानगरीच्या डोंगरांवर साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत वणव्याचा धोका असतो, आणि याच काळाच्या उत्तरार्धात वळीवही येऊ लागतो. वळीव आला की आग विझेल, असे बहुतेकजण गृहीत धरतात. पाऊस प्रत्यक्ष त्या उतारावर पडला तर ते खरेही ठरते. परंतु पावसाच्या आधी पंधरावीस मिनिटे जो वारा सुटतो, तो पाऊस पडो वा न पडो, उतारावर धुमसत असलेली आग दोन डोंगर पलीकडे नेऊ शकतो. हा लेख वनसंरक्षणाच्या कामात नव्याने आलेले स्वयंसेवक, गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि गिर्यारोहण गटांचे प्रमुख यांच्यासाठी आहे. हवामानशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही रोज सकाळी अर्धा तास देऊन दुपारच्या धोक्याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज बांधता येतो.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात ज्याला कोरडे वादळ म्हणतात, त्यात विजा पडतात, पण जमिनीवर पोहोचणारा पाऊस २.५ मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच वादळांनी काही दिवसांत हजारो विजा पाडल्या, शेकडो वणवे लागले आणि त्यांतील काही एकत्र होऊन तयार झालेला ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ वणवा दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरला. आपल्याकडे वणवा लागण्याची कारणे बहुतांशी माणसाच्या हातातली असतात : नवे गवत फुटावे म्हणून पेटवलेला उतार, तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजताना किंवा बांध जाळताना सुटलेली आग, उसाच्या फडातले पेटवलेले पाचट, मध काढण्यासाठी केलेला धूर, फेकलेली विडी. म्हणून कोल्हापुरात अंदाज बांधणाऱ्याने ‘आज वीज कुठे पडेल’ यापेक्षा ‘आज वारा सुटेल तेव्हा डोंगरावर आधीच कुठे आग असेल का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानावा. विजेचा विचार करावाच लागतो, पण आपल्या जिल्ह्यात तो दुसऱ्या क्रमांकावर येतो.

पहिली पायरी : जळण ओळखणे

अंदाजाची सुरुवात आकाशापासून न करता जमिनीपासून करावी. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळ तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिमेला गगनबावड्यात तो ५००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. जिथे पाऊस जास्त तिथे वणवा कमी, असा निष्कर्ष यावरून काढू नये. पश्चिमेच्या डोंगरउतारांवर जास्त पावसामुळे गवत कमरेएवढे वाढते, दिवाळीनंतर पिवळे पडू लागते आणि जानेवारीच्या अखेरीस पूर्ण वाळून उभे राहते. म्हणजेच जेवढा पावसाळा चांगला, तेवढे उन्हाळ्यातले जळण अधिक. उलट मसाईसारख्या पठारावर जांभ्याचा उघडा सडा (खडकाळ सपाटी) असेल तिथे आग स्वतःहून थांबते. आपल्या गावाच्या हद्दीचा कागदावर साधा नकाशा काढून उभे वाळलेले गवत, कापलेले गवत, झाडी, उघडा सडा, पाणवठे आणि वनविभागाच्या जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे) त्यावर दाखवाव्यात. हे काम एकदा जानेवारीत करून ठेवले की हंगामभर उपयोगी पडते.

गवत किती वाळले आहे हे टक्क्यांत सांगण्याची पद्धत आहे. उतारावर उभे राहून नजरेच्या टप्प्यातील गवतापैकी किती पिवळे आणि किती हिरवे याचा अंदाज घ्यावा. निम्म्याहून कमी गवत वाळलेले असेल तर आग सहसा पसरत नाही. तीनचतुर्थांशाच्या पुढे मात्र ती जोमाने धावते. मार्चमध्ये पश्चिमेकडील बहुतेक उघडे उतार या मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले असतात.

दुसरी पायरी : कोरडेपणा मोजणे

वाळलेल्या जळणातही हवेतील दमटपणानुसार पाणी येत-जात असते. सहा मिलिमीटरहून बारीक जळण, म्हणजे गवत आणि वाळका पाला, तासाभरात हवेशी जुळवून घेते. अडीच ते साडेसात सेंटिमीटर जाडीच्या फांद्यांना त्यासाठी चार-पाच दिवस लागतात. कालच्या शिडकाव्यावर विसंबून आजच्या दुपारचा अंदाज बांधू नये, ते याचमुळे. सकाळी ओले झालेले गवत दुपारी दोनपर्यंत पुन्हा पेटण्याजोगे होते.

आकडे सांगायचे तर, तापमान ३८ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना गवतातील ओलावा सुमारे ४ टक्क्यांवर येतो. रात्री २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना तो साडेदहाच्या घरात जातो. आखूड गवतात आग विझण्यासाठी ओलावा साधारण १२ टक्क्यांपर्यंत चढावा लागतो. ‘रात्री थंडावा पडला की वणवा आपोआप बसतो’ ही समजूत मार्चमधल्या कोरड्या रात्रींना का लागू पडत नाही, हे या तीन आकड्यांवरून समजते.

तापमान आणि आर्द्रतेसाठी भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप आणि महसूल मंडळनिहाय उभारलेली ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे उपयोगी आहेत. मात्र कोल्हापूर शहराचा आकडा घाटमाथ्याला लावू नये. दुपारनंतर कोकणातून येणारी दमट हवा गगनबावडा, आंबा, दाजीपूर या भागांत आधी पोहोचते आणि शहरात उशिरा. शक्य असेल तर कोरड्या व ओल्या फुग्याचा साधा तापमापक समितीने विकत घ्यावा. तो स्वस्त असतो आणि प्रत्यक्ष उतारावरचे मोजमाप देतो.

तिसरी पायरी : ढगाचा तळ किती उंच राहील

वादळ ओले ठरणार की कोरडे, हे ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून किती उंचीवर बनेल याचा हिशेब करणे. त्यासाठी दोनच आकडे लागतात : दुपारचे अपेक्षित कमाल तापमान आणि दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान. या दोहोंतील फरकाला १२५ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे ढगाच्या तळाची मीटरमधील अंदाजे उंची.

समजा, एप्रिलमधील एका दिवशी कमाल तापमान ३८ अंश आणि दवबिंदू १८ अंश आहे. फरक २० अंशांचा, म्हणून तळ सुमारे २५०० मीटर उंचीवर. त्याच तापमानाला दवबिंदू १० अंशांवर असेल तर तळ ३५०० मीटरवर जातो. मे अखेरीस तापमान ३३ आणि दवबिंदू २२ असेल तर तळ १४०० मीटरच्याही खाली येतो. पहिल्या दोन उदाहरणांत पावसाच्या थेंबाला अडीच-साडेतीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली यावे लागते आणि वाटेतच त्याचा बराच भाग वाफ होऊन जातो. ढगाखाली लोंबणाऱ्या, पण जमिनीला न टेकणाऱ्या करड्या झालरी दिसतात, तो हाच अर्धवट राहिलेला पाऊस. थेंबाची वाफ होताना भोवतालची हवा थंड होते, थंड हवा जड असते, ती वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. वळवापुढे सुटणारा वारा तो हाच. जेवढा तळ उंच आणि खालची हवा कोरडी, तेवढा पाऊस कमी आणि वारा जास्त, हे सूत्र नवख्याने पाठ करून ठेवावे.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी पणजी व मुंबई येथून हवामान विभाग सोडत असलेल्या बलूनच्या नोंदी पाहाव्यात. पहाटे साडेपाचच्या सुमाराच्या नोंदीत जमिनीलगत तापमान व दवबिंदूच्या रेषा एकमेकींपासून दूर आणि तीन-चार किलोमीटर उंचीवर जवळ आलेल्या दिसल्या, म्हणजे उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसला, तर तो दिवस कोरड्या वादळाला अनुकूल समजावा. पणजी किनाऱ्यावर असल्याने तेथील खालचा थर आपल्यापेक्षा दमट असतो. म्हणून खालच्या थरासाठी कोल्हापूरचे स्वतःचे तापमान व दवबिंदू घ्यावेत आणि वरच्या थरासाठीच पणजीची नोंद वापरावी.

काही परदेशी पुस्तिकांत हेन्स निर्देशांकाची, म्हणजे हवेच्या वरच्या थरांवरून वणव्याचा धोका सांगणाऱ्या आकड्याची, शिफारस असते. कोल्हापूरच्या उंचीसाठी त्यात ८५० आणि ७०० हेक्टोपास्कल या दाबपातळ्यांवरील तापमानांतील फरक आणि ८५० च्या पातळीवर तापमान व दवबिंदू यांतील फरक घेऊन २ ते ६ असा आकडा काढतात. माझ्या मते नवख्याने त्याच्या नादी लागू नये. आपल्या एप्रिलमध्ये हा आकडा इतक्या वेळा ५ किंवा ६ येतो की धोक्याचा दिवस आणि नेहमीचा उन्हाळी दिवस यांत तो फरकच दाखवत नाही. ढगाच्या तळाचा साधा गुणाकार त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चौथी पायरी : वादळ होणार का आणि कुठे

हवामान विभागाच्या सकाळच्या निवेदनात विदर्भ किंवा मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्यांची खंडितता (वेगवेगळ्या दिशांचे वारे जिथे भेटतात तो पट्टा) असल्याचा उल्लेख असेल, तर दक्षिण महाराष्ट्रात वादळी ढग तयार होण्यास पोषक स्थिती आहे असे समजावे. दुपारी कोकणातून घाट चढून येणारे दमट वारे पूर्वेकडच्या तापलेल्या कोरड्या हवेला भेटतात, आणि जिथे ते भेटतात त्या पट्ट्यात ढग उभे राहतात. जिल्हानिहाय इशाऱ्यात ‘मेघगर्जनेसह वादळी वारे, ताशी ४० ते ५० किलोमीटर’ असे शब्द असतील तर त्यातील वाऱ्याच्या आकड्याकडे आधी पाहावे, पावसाकडे नंतर. इशाऱ्याचा पिवळा रंग पाहून निर्धास्त होऊ नये. तो रंग सर्वसाधारण जनजीवनासाठी ठरवलेला असतो, वाळलेल्या गवतासाठी नव्हे.

दुपारी एकनंतर तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक इशारा, पणजीच्या डॉप्लर रडारचे चित्र आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप, या तिन्हींवर लक्ष ठेवावे. ‘दामिनी’ आपल्या भोवतीच्या २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजा दाखवते. रडारवर पावसाचा ठिपका लहान आणि वेगाने सरकणारा असेल, पण ‘दामिनी’वर मात्र त्याच भागात विजा भरपूर दिसत असतील, तर ते वादळ आपल्या उतारावर पाऊस फारसा टाकणार नाही अशी शंका घ्यावी. मुसळधार वादळातही विजा पावसाच्या पट्ट्याबाहेर काही किलोमीटरवर पडू शकतात. म्हणजे एकच वळीव एका गावाला ओला आणि शेजारच्या गावाला कोरडा असू शकतो.

पाचवी पायरी : वारा

हा या मार्गदर्शकाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबावे.

पूर्ण वाळलेल्या गवतात, सपाट जमिनीवर, आगीचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे २० टक्के धरावा, असा एक ढोबळ नियम ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी मांडलेला आहे. ताशी १० किलोमीटर वारा असेल तर आग ताशी २ किलोमीटरने सरकते, आणि माणूस चालत तिच्यापुढे राहू शकतो. ढगापुढचा वारा ताशी ४० किलोमीटरवर गेला की तीच आग ताशी ८ किलोमीटरने धावते. चढाचा परिणाम वेगळा : उतार दर १० अंशांनी वाढला की चढाच्या दिशेने आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे २० अंशांच्या चढावर चौपट. मंद वाऱ्यातही चढावर आग माणसाला गाठते ती यामुळे. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर गिर्यारोहकांचे गट वणव्यात सापडून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला; तोही तीव्र उतार आणि वाळलेल्या गवताचा डोंगर होता.

वेगापेक्षाही दिशा अधिक घातक ठरते. दुपारभर पश्चिमेच्या वाऱ्याने आग पूर्वेकडे सरकत असते, तिचे तोंड अरुंद असते आणि उत्तर-दक्षिण बाजू लांबच लांब पण मंद जळत असतात. विझवणारे साहजिकच या मंद बाजूंवर काम करतात. अशा वेळी उत्तरेकडच्या ढगातून वारा सुटला, तर ती संपूर्ण दक्षिण बाजू काही मिनिटांत आगीचे नवे तोंड बनते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात संध्याकाळी वारा असाच फिरला आणि लांब बाजूंचे रुंद आघाडीत रूपांतर झाले. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. तेथे वारा फिरण्याचे कारण थंड हवेची आघाडी होते. ढगापुढच्या वाऱ्याचे उदाहरण ॲरिझोनातील यार्नेल हिलचे आहे. २८ जून २०१३ रोजी तिथे विजेने आग लागली. ३० जूनला जवळच्या वादळातून सुटलेल्या वाऱ्याने ती उलटली आणि प्रशिक्षित अग्निशमन पथकातील १९ जण मृत्युमुखी पडले. वादळ त्यांच्या डोक्यावर आलेले नव्हते, ही बाब नीट लक्षात घ्यावी. ढगापुढचा वारा ढगापासून पंधरावीस किलोमीटर, कधी त्याहूनही पुढे धावतो. जोतिबाच्या डोंगरावर ऊन असताना वारणेपलीकडच्या ढगाचा वारा तिथे पोहोचू शकतो.

हा वारा येण्याआधी काही खुणा दिसतात. चालू वारा अचानक पडतो आणि हवा कोंदट होते. क्षितिजावर धुळीचा लोट भिंतीसारखा उठतो. ढगाच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूस गुंडाळल्यासारखी काळी पट्टी दिसते. आगीचा धूर सरळ वर जाऊ लागतो, मग डुलतो, मग एकदम आडवा होतो. यांतली कोणतीही एक खूण दिसली की आगीजवळच्या सर्वांना आधीच जळून गेलेल्या भागात किंवा उघड्या सड्यावर परत बोलवावे. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपण्याचे किंवा ब्लोअरने रेषा काढण्याचे काम तिथेच थांबवावे. ‘एवढा पट्टा संपवून येतो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

वाऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र नसेल तर डोळ्यांनी अदमास घेता येतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ व कागद उडू लागले तर २० ते २८. लहान झाडे डोलू लागली तर २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलू लागल्या तर ३९ ते ४९. खिंडीत आणि धारेवर यापेक्षा जास्त वेग गृहीत धरावा.

सहावी पायरी : धोक्याची श्रेणी ठरवणे

आतापर्यंत जमवलेले आकडे एकत्र करण्यासाठी गुंतागुंतीचे सूत्र नको. खालील विभागणी माझी स्वतःची आहे. प्रत्येक समितीने आपल्या अनुभवाने ती बदलून घ्यावी. गवत तीनचतुर्थांशाहून अधिक वाळलेले आणि दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांखाली असेल तर तो दिवस ‘सावध’ समजावा. त्यात वादळी वाऱ्याचा इशारा आणि २००० मीटरहून उंच ढगतळ यांची भर पडली तर ‘गंभीर’. याशिवाय हद्दीत किंवा लगतच्या गावात कुठेही आग चालू असेल, मग ती शेतातली का असेना, तर ‘अतिगंभीर’. शेवटची अट हवामानाची नाही आणि म्हणूनच बहुतेक अंदाजांत ती राहून जाते. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेसारख्या काळात डोंगरावर लाखो माणसे असतात, चुली पेटतात. त्या दिवसांत ‘सावध’ असलेला दिवसही एक श्रेणी वर धरणे शहाणपणाचे आहे.

श्रेणी ठरली की सकाळी दहाच्या आत गावाच्या गटावर संदेश जावा. ‘आज हवामान खराब आहे’ असा मोघम संदेश कोणी गांभीर्याने घेत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आज दुपारी ३ ते ७ दरम्यान ताशी ४० ते ५० किमी वारा सुटण्याची शक्यता. पाऊस कमी. पाचट, बांध किंवा तरवा कोणीही पेटवू नये. कालची धग राहिली असेल तर १२ च्या आत पाणी व माती टाकून विझवावी. धूर दिसल्यास वनरक्षकांना किंवा १९२६ या क्रमांकावर कळवावे.’ वेळ, वेग आणि करायचे काम, तिन्ही त्यात असले पाहिजेत.

सातवी पायरी : वादळ गेल्यानंतर

वादळ गेल्यावर बहुतेकजण घरी जातात आणि तिथेच चूक होते. वठलेल्या झाडावर वीज पडली तर आग खोडाच्या पोकळीत किंवा खालच्या पाल्याच्या थरात धुमसत राहते, पावसाचा शिडकावा तिला विझवत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी ऊन व वारा मिळताच ती बाहेर येते. राधानगरी, दाजीपूर, आंबा या जाड पालापाचोळ्याच्या जंगलपट्ट्यांत ही शक्यता उघड्या गवताळ उतारांपेक्षा जास्त असते. म्हणून ‘दामिनी’वर विजा दिसलेल्या, पण पाऊस न पडलेल्या जागा नकाशावर टिपून ठेवाव्यात आणि पुढचे तीन दिवस दुपारी एखाद्या उंच जागेवरून तिकडे धूर दिसतो का ते पाहावे. वादळ सुरू असताना मात्र उंच जागी, एकट्या झाडाखाली किंवा मनोऱ्यावर थांबू नये. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

उपग्रहाची मदत घेता येते, पण तिच्या मर्यादा जाणून. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नाव नोंदवल्यास आपल्या भागातील आगीचा इशारा मोबाइलवर येतो, आणि नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर आगीच्या जागा नकाशावर ठिपक्यांच्या रूपात पाहता येतात. यासाठी वापरले जाणारे ‘व्हीआयआयआरएस’ उपकरण ३७५ मीटरच्या चौकोनात पाहते, तर ‘मोडिस’ एक किलोमीटरच्या. ‘व्हीआयआयआरएस’ वाहणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी व मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या आसपास जातात. दुपारी चारला लागलेली गवताची आग रात्री दीडच्या आत जळून संपली तर ती त्यांना दिसणारही नाही, आणि वळवाच्या दिवशी वर ढग असतील तर चालू आगही झाकली जाते. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असे म्हणता येत नाही.

रोजची नोंद एका वहीत ठेवावी : दुपारचे तापमान, आर्द्रता, काढलेला ढगतळ, जाहीर केलेली श्रेणी, प्रत्यक्ष सुटलेला वारा व त्याची दिशा, पडलेला पाऊस आणि लागलेली आग. हंगामाच्या शेवटी वही उघडून दोन प्रकारचे दिवस वेगळे काढावेत : इशारा दिला पण काही झाले नाही ते, आणि इशारा दिला नाही पण आग पसरली ते. दुसऱ्या प्रकारचे दिवस सापडले तर आर्द्रतेची किंवा ढगतळाची मर्यादा पुढच्या वर्षी अधिक कडक करावी, जरी त्यामुळे पहिल्या प्रकारचे दिवस थोडे वाढले तरी.

हे काम कधी थांबवावे, असाही प्रश्न येतो. तारखेवर जाऊ नये. दोन-तीन चांगले, जमीन भिजवणारे वळीव झाले आणि उतारावर वाळलेल्या गवताच्या बुडातून हिरवे फुटवे निम्म्याहून अधिक भागात दिसू लागले, की त्या उतारापुरता अंदाज बंद करता येतो. पण शेजारच्या डोंगरावर वळीव चुकला असेल, तर तिथे मृगाचा पाऊस लागेपर्यंत वही चालू ठेवावी.